उत्तरातला आकडा

वेल्सची असेंब्ली, म्हणजे विधानसभा, तेव्हा नवी होती आणि मी तिथल्या एका हॉस्पिटलात अपॉइंटमेंट्सच्या खिडकीवर बसायचे. एक म्हातारा, पूर्वीचा खाणकामगार, दर महिन्याला यायचा. बायकोच्या हार्टच्या ऑपरेशनचा नंबर कधी लागेल, एवढंच विचारायचा. खिशात एक घडी घातलेला कागद असायचा. वर्षाहून जास्त काळ किती रुग्ण थांबलेत, असा लेखी प्रश्न त्याच्या आमदाराने विचारला होता. कागदावर मंत्र्यांचं उत्तर होतं, त्यात नुसता आकडा. त्यावर जाड बोट ठेवून तो म्हणायचा, "यातली एक आमची."

"त्याने नंबर पुढे सरकत नाही," मी सांगायचे.

"ठाऊक आहे हो. पण तिला मोजलंय, एवढं तरी."

फेब्रुवारीत आला, तेव्हा कागद न काढताच उभा राहिला. "नाव काढा तिचं. शनिवारी गेली."

मी सॉरी म्हटलं आणि कॉम्प्युटरवर कारण भरलं. तो स्क्रीनकडे बघत होता. म्हणाला, "आता लिहितील, यादी कमी झाली म्हणून."

पुढचं उत्तर मी मुद्दाम वाचलं. यादी कमी झाल्याबद्दल मंत्र्यांनी समाधान व्यक्त केलं होतं. त्यातलं एक नाव मी कमी केलं होतं.