मीटरबाईंचे दोनशे तीस

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कारखान्यात सगळे मीटरबाई म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. मला त्या कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको.

पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइल बनवायचा तो छोटासा कारखाना. मी तार गुंडाळायचे, त्या तपासायच्या. खोलीच्या टोकाला त्यांचं टेबल, पायाखाली रबराची चटई, समोर दोन मीटर, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. कॉइलला चिमटे लावायचे, बटण दाबायचं, काटा थांबला की वाचायचं. व्होल्टला करंटने भागलं की तारेचा रोध मिळतो, म्हणजे किती ओहम ते. आणि गुणलं की वॉट. आमची कॉइल दोनशे तीस व्होल्टवर हजार वॉटची, रोध त्रेपन्नच्या आसपास. फार इकडेतिकडे झालं की कॉइल लाल डब्यात. आणि डबा एकाच बाईच्या कॉइलनी भरायला लागला की ती बाई घरी.

जाऊबाई सगळा भागाकार तोंडी करायच्या, तोही मोठ्याने, म्हणजे लाल डब्यात कोण पडलं ते खोलीभर कळावं. शाळेत त्या गणितात नापास झाल्या होत्या आणि त्याचा सूड उरलेल्या जगावर उगवत होत्या. घरी भाजीत मीठ किती जास्त झालं हेही त्यांनी मला दशांशात सांगितलं असतं. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते मी रोज दोन्ही पाळ्यांत बघत होते, कारखान्यात आणि स्वयंपाकघरात.

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. कंबरेचं हाड मोडलं, अंथरूण धरलं. शेजारच्या मावशी दिवसा बसायला तयार झाल्या, पण थोडेच दिवस. जेवताना थोरले दीर म्हणाले, "दोघींपैकी जिची नोकरी कच्ची असेल तिने सोडावी." माझ्या नवऱ्याने आमटीसाठी वाटी पुढे केली. दोघा भावांपैकी कोणी सोडावी, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

मला ते काम हवं होतं. त्या खोलीत दिवसभर मला कोणी सूनबाई म्हणून हाक मारत नसे, एवढंच कारण मला पुरेसं होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यापासून माझ्या कॉइल लाल डब्यात पडायला लागल्या. "एकसष्ट," जाऊबाई ओरडायच्या. "तार जास्त घातलीस. हाताला हिशोब नाही तुझ्या." मी वेढे पुन्हा मोजले, तार पट्टीवर धरून बघितली. कुठे केसाएवढा फरक नव्हता. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. साहेब मला म्हणाले, "अजून एक ट्रे असा गेला तर उद्यापासून येऊ नका."

माझा ट्रे सकाळी सगळ्यात आधी त्यांच्या टेबलावर जायचा आणि तपासला जायचा मात्र जेवणानंतर. मला वाटायचं, मी दुपारपर्यंत तळमळत राहावं म्हणून. त्या दिवशी जेवण झालं आणि शेजारच्या ओतशाळेची लोखंड वितळवायची विजेची भट्टी सुरू झाली. रोजच व्हायची. डोक्यावरचा पंखा सुस्तावला, दिवे मंद झाले. आणि त्याच वेळी जाऊबाईंचा आवाज आला, "दोनशे तीस भागिले तीन पॉइंट अठ्ठ्याहत्तर." पंखा रडतोय आणि ह्यांचे दोनशे तीस कुठून येतात?

मी सरळ साहेबांना हाताला धरल्यासारखं टेबलाशी आणलं. "बाई दोनशे तीसला भागतायत. काटा कुठे आहे तो बघा."

साहेब वाकले. काटा दोनशेवर होता. त्यांनी दोनशेला तीन पॉइंट अठ्ठ्याहत्तरने भागलं, आले त्रेपन्न. व्होल्ट उतरले की करंटही उतरतो. तारेचा रोध बिचारा होता तिथेच असतो. माझी कॉइल चांगली होती. सगळ्याच चांगल्या होत्या.

"सवयीने झालं," जाऊबाई म्हणाल्या. साहेबांना इतकी जुनी तपासणारी दुसरी मिळणार नव्हती, त्यांनी मान डोलावली. लाल डबा रिकामा झाला. उद्या या, असं मला सांगितलं, आणि जाऊबाईंना काहीच सांगितलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी भांडी घासत होतो. मी विचारलं, "काटा दिसत नव्हता का तुम्हाला?"

"दिसत होता."

"रोज?"

"रोज. म्हणून तर तुझा ट्रे दुपारी घेत होते." त्यांनी ताट विसळून पालथं घातलं. "तू लहान आहेस, तुला काम परत मिळेल. मला ह्या वयात कोण दारात उभं करणार? आईंजवळ एकदा बसले की मी तिथेच संपले."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला, कारण त्या खरं बोलत होत्या आणि तरीही मला त्यांची मान धरावीशी वाटत होती.

"मी नाही सोडणार," मी म्हटलं.

"मीही नाही."

बाहेरच्या खोलीतून थोरल्या दिरांनी विचारलं, "काय गं, ठरलं का तुमचं? मावशी उद्यापासून येणार नाहीत."

तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "सूनबाई." कूस बदलायची असेल, मावशी गेल्यापासून त्या एकाच अंगावर पडून होत्या. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. आत्ता जी जाईल ती कायमची गेली, हे दोघींनाही कळत होतं. बाहेर टीव्हीचा आवाज वाढला. सासूबाईंनी पुन्हा हाक मारली, मग रडवेल्या आवाजात तिसऱ्यांदा, आणि आम्ही दोघी ओल्या हातांनी मोरीपाशी तशाच उभ्या राहिलो.