रजिस्टरातली कावीळ

“रजिस्टर में तो जॉन्डिस लिखा है, मॅडम,” साहेबांनी माझा अर्ज परत सरकवला.

मला कावीळ कधीच झाली नव्हती.

राज्याची दोन राज्यं झाली आणि आमच्या ऑफिसातली माणसं वाटली जात होती. माझं नाव पलीकडच्या यादीत आलं. म्हणजे हैदराबाद सोडायचं. मला बायपोलर आहे. मन कधी आठवडेच्या आठवडे उधळतं, कधी खाटेवरून उठू देत नाही. जोडीला अँग्झायटी, टेबलावरचा फोन वाजला तरी छातीत धडधडतं. माझे डॉक्टर सुलतान बाजारात, ह्यांची नोकरी सिकंदराबादला रेल्वेत. माझी झोप उडायला लागली की आधी ह्यांनाच कळतं. एकटीनं परगावी मी टिकले नसते. म्हणून आजाराच्या कारणावर इथंच ठेवा, असा अर्ज केला.

सर्व्हिस रजिस्टर म्हणजे सरकारी नोकराची कुंडली. रजा, बढती, सगळं त्यात. आमच्या सेक्शनची रजिस्टरं मीच लिहायची, माझंसुद्धा. पहिल्यांदा दवाखान्यात दोन महिने काढून आले तेव्हाचे साहेब भले गृहस्थ. “पागल का ठप्पा कायकू, बेटी? जॉन्डिस लिखो.” तसं सर्टिफिकेटही मिळालं. मी माझ्या हातानं लिहिलं, वर त्यांचे आभार मानले. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

“ते खोटं आहे, सर. खरे कागद हे.”

“दिखते तो अच्छे-खासे हैं आप. इतने साल काम किया ना?”

“गोळ्या खाऊन केलं.” माझा आवाज चढला.

साहेबांनी शिपायाला खूण केली. “मॅडम को पानी दो. आज की गोली ली ना, मॅडम?”

इथं माझं डोकं फिरलं. दुसरं कुणी चिडलं तर साहेब घाबरतात. मी चिडले तर पाणी मागवतात. माझ्या रागालाही मेले राग म्हणत नाहीत.

पाण्याला मी हात लावला नाही. रजिस्टर उघडलं. चूक दुरुस्त करायचा नियम असा: खाडाखोड नाही, एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर लाल शाईनं खरं लिहायचं, साहेबांनी सही करायची. जॉन्डिसवर रेघ मारली. वर लिहिलं, बायपोलर.

“सही करा, सर. नाहीतर लिहून द्या, मला कावीळच झाली होती.”

खोटं लिहून द्यायला कोण तयार होतंय? सही झाली.

अर्ज मंजूर झाला, मी हैदराबादेतच राहिले. पण महिन्याभरात माझं टेबल गेलं. “आप की तबीयत के लिए” म्हणे. मला रेकॉर्ड रूम दिली, आणि तिथूनच रिटायर झाले.

नव्या पोरी विचारतात तेव्हा एवढंच सांगते: रजेच्या अर्जात आजाराचं खरं नाव लिहा. शिक्का काय, तो बसायचा तेव्हा बसतोच.