तिसरी हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. साताऱ्याच्या एका शाळेत मी सायन्स शिकवतो. जळत्या मेणबत्तीवर काचेची हंडी पालथी घातली की ज्योत का विझते, हे दर वर्षी पोरांना करून दाखवतो. गावात कुणाच्या अंगात आलं तर मी छत्री उचलून चालू लागणारा माणूस. पण दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जे घडलं, ते माझ्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही… आणि ते सांगायचं तर आधी माझं एक जुनं पाप सांगावं लागतं. म्हणूनच इतके दिवस लिहायला हात धजत नव्हता.

आमचं मूळ घर सांगलीजवळच्या हरिपूरचं. तिथे हळद जमिनीखाली पेवात साठवतात. पेव म्हणजे वरून माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत खोलीएवढी पोकळी, दोन पुरुष खोल. आमचा बा पेवं भरायच्या आणि उपसायच्या कामावर होता. आई लवकर गेली. मला आणि माझा धाकटा भाऊ सदा याला आत्यानं वाढवलं. तिचा एक नियम होता, आणि तो तिनं आमच्या अगदी कानीकपाळी ओरडून बसवला होता — "भर दुपारी न्हाईतर दिवेलागणीला कुनी हाक मारली, तर तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई. वंगाळ आसतं ते दोनदाच हाक मारतं."

मी अकरा वर्षांचा, सदा सहाचा. तो मला 'दादू' म्हणायचा. एके दिवशी सकाळी बाची चिलीम माझ्या हातून फुटली आणि सदानं माझं नाव सांगितलं. मला फोकानं मार बसला. त्याच दुपारी, राग पोटात ठेवून, मी सदाला उपसलेल्या एका पेवाकडे नेलं. तळाला राहिलेली हळकुंडं आम्ही पोरं वेचायचो आणि वाण्याला देऊन गूळ घ्यायचो. दोराला धरून मी त्याला खाली सोडलं. तो वेचायला लागला… आणि मी दोर वर ओढून घेतला. बस आता रडत, म्हटलं.

चिंचेखाली जाऊन बसलो. थोड्या वेळानं हाक आली — "दादूऽऽ!"

मी हललो नाही. दुसरी हाक आली, जरा बारीक. तेव्हा उठलो, पेवाच्या तोंडाशी गेलो, पण वाकून पाहिलं नाही, बोललो नाही. परत फिरलो. मनाशी म्हटलं, आता तिसऱ्या हाकेला जाऊ. भर दुपार आहे, आत्याचा नियमच आहे. भूतबीत काही मला वाटलं नव्हतं हो. खाली सदा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिसरी हाक आलीच नाही.

बऱ्याच वेळानं, सदा रुसला असेल म्हणून, मी दोर परत आत सोडला. उत्तर नाही. मग घाबरून बाला बोलावलं. बानं आधी कंदील खाली सोडला, तो विझला. पेवात तळाशी वाईट हवा साचते हे त्याला माहीत होतं. घोंगडं हलवून हलवून त्यानं वारा घातला आणि श्वास धरून उतरला. सदाला वर आणलं तेव्हा तो नखशिखांत पिवळा होता, मान टाकलेली. तो वाचला. पण तोवरचा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत.

बानं विचारलं, "आरं, तुला हाक ऐकू आली न्हाई?" मी म्हणालो, "दोनच आल्या. आत्या म्हनती तिसऱ्याबिगर ओ द्यायची न्हाई."

एवढ्यावर मी सुटलो. मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. आत्यानं मात्र स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. माझ्यापायी लेकरू जात व्हतं, असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून ऐकत राहिलो. तो नियमही तिनं पुन्हा कधी उच्चारला नाही.

त्या दिवसापासून सदानं मला हाक मारली नाही. मलाच काय, कुणालाच नाही. कुणाशी काम असलं की चालत जाऊन समोर उभा राहायचा. मी शिकलो, मास्तर झालो, वाईची बायको केली, साताऱ्यात बिऱ्हाड थाटलं. तो माधवनगरला कापडाच्या गिरणीत लागला. सणावारी भेट व्हायची. तो मला 'मास्तर' म्हणायचा, 'तुमी' म्हणायचा. सख्खा भाऊ! मी गेलो की पाट द्यायचा, चहा द्यायचा, आणि मी उठायची वाट बघत बसायचा. मला फार लागायचं ते. पण कुठल्या तोंडानं तक्रार करणार?

तर त्या उन्हाळ्यातली गोष्ट. साताऱ्यात आमच्या ओसरीवर मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. शाळेची बाराची घंटा नुकतीच झाली होती. गल्लीत सामसूम. आणि माझ्या पाठीमागून, कुणी विहिरीतून ओरडावं तशी हाक आली —

"दादूऽऽ!"

हातातला टाक तसाच राहिला. मी वळून पाहिलंच नाही. तोंडातून आपोआप निघून गेलं, "ओ!" चांगलं मोठ्यानं. आणि मग मला रडू फुटलं.

बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, कुणाचं लहान मूल हाक मारतंय? आणि दादू कोण?"

म्हणजे तिनंही ऐकलं होतं. हे नाव मी तिला लग्नाच्या बारा वर्षांत सांगितलेलं नव्हतं. ते सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. त्या दुपारी मात्र सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी सातारा रोड स्टेशनावर गाडी धरली आणि माधवनगरला उतरलो. गिरणीच्या चाळीत सदाच्या दारात उभा राहून विचारलं, "सदा आहे का घरात?"

सदाची बायको पार्वती बाहेर आली आणि मला पाहून एकदम पांढरीफटक पडली. सदा आत बसला होता. "या मास्तर," म्हणाला, नेहमीसारखंच.

पार्वती डोक्यावरचा पदर सारखा करत, दाराआडून म्हणाली, "भावजी, काल दुपारी बाराचा भोंगा झाला आन् हे झोपेत वरडलं बगा. रातपाळी करून निजल्यालं. बारक्या पोरागत आवाज… दादू म्हून. लगीन झाल्यापास्नं ह्यांनी कुनाला हाक मारल्याली मी ऐकली न्हाई. आन् दारातनं कुनीतरी ओ दिली. थोराड गड्याचा आवाज. मी भाईर यिऊन बगितलं, चिटपाखरू न्हाई. आन् आत्ता तुमी दारात बोलला… त्योच आवाज, भावजी."

पाट न घेता मी जमिनीवर बसलो. वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं विसरलो.

"सदा," मी म्हणालो, "त्या दिवशी मला भूत वाटलं नव्हतं. तूच हाय हे ठाव हुतं मला. दोर मीच वर घेतला. आत्याचं नाव फुकट घेतलं."

सदा खाली बघत होता. "ठाव हाय," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगतंय? दुसऱ्या हाकेला तुजी सावली पडली की तोंडावर. आली आन् गेली."

तो मला 'तू' म्हणाला होता. चोवीस वर्षांनी.

"मग तिसरी हाक का नाही मारलीस रे?" मी विचारलं. "मी आलो असतो. खरंच आलो असतो."

सदानं पहिल्यांदा वर पाहिलं. "तिसरीला बी तू आला नसतास, तर? मग काय करायचं मी? म्हून ती मारलीच न्हाई. ठिवली."

मी त्याचे पाय धरायला गेलो तर त्यानं माझे हात धरले आणि तसेच धरून ठेवले. माफ केलं वगैरे तो काही म्हणाला नाही. म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पार्वतीनं दोघांना एकाच ताटात भाकरी-पिठलं वाढलं. आत्या वाढायची तसं.

संध्याकाळच्या गाडीला निघालो. चाळीच्या टोकापर्यंत आलो असेन, तोच पाठीमागून मोठ्यानं हाक आली, "दादू! आरं छत्री ऱ्हायली!"

दिवेलागण होत आली होती, म्हणजे आत्याच्या हिशेबानं वेळ काही बरी नव्हती. मी पहिल्याच हाकेला ओ दिली. चाळीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या, इतक्या मोठ्यानं.

आता सायन्सचं काय? आवाजाचा वेग मी पोरांना फळ्यावर शिकवतो. माधवनगरहून निघालेला आवाज साताऱ्याला यायला पाच-सहा मिनिटं लागतील, अर्थात मधेच विरला नाही तर. तो विरणारच. आणि माझी ओ तिकडे कशी पोचली? बायकोनं ऐकलेलं मूल कोण? बसून बसून हिशेब केले, जमत नाहीत. मेणबत्तीचा प्रयोग यंदा मी करून दाखवला तेव्हा ज्योत विझायच्या आतच हंडी उचलली. पोरं हसली.

सदा आता साताऱ्याला येतो. गल्लीच्या तोंडापासूनच हाक मारत येतो, सगळ्या आळीला कळतं. पण आत्या हे काही न ऐकताच गेली. आपल्यामुळे लेकरू जात होतं, हे मनात घेऊन गेली. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मी ओसरीवर बसतो आणि कान देऊन ऐकतो. तिची हाक आली तर पहिलीलाच ओ देणार आहे.

अजून आलेली नाही.