आधी पेन्सील, मग यंत्र

बावीस वर्षांपूर्वी मी राजारामपुरीतल्या डॉ. यशोधरा बनसोडे यांच्या स्कॅन सेंटरची पायरी चढलो, तेव्हा माझ्याजवळ डिप्लोमाचा एक कागद होता आणि त्याला साजेशी भीती. मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "सीटी काढताना पेशंटला श्वास धरायला सांगितलं आणि त्याला ते जमेना, तर काय कराल?"

मी म्हणालो, "आधी मी धरून दाखवीन."

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या.

त्या मॅडम यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात मोठमोठ्या डॉक्टरांचे लेख असतील. मी यंत्र चालवणारा माणूस. मला जे काचेच्या अलीकडून दिसले, तेवढेच लिहितो.

मॅडम रेडिओलॉजिस्ट. शरीराच्या आतली चित्रे पाहून आजार ओळखणे हे त्यांचे काम. प्रत्येक पेशंटचे चित्र पाहिले की रिपोर्ट टाइप करायला देण्याआधी त्या आपले मत एका वहीत पेन्सिलीने लिहितात. अशा वह्यांनी त्यांचे एक कपाट भरले आहे. नव्या डॉक्टरांना त्याचे हसू येते. मॅडम पेन्सिलीला टोक करत राहतात.

पोटाच्या चित्रांत त्या सर्वांत जास्त थांबतात त्या स्वादुपिंडापाशी. जठरामागे, कण्याला लागून दडलेला हा अवयव. त्याचा कर्करोग बराच काळ काही बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. साधी कावीळ समजून झाडपाला घेत राहिलेली कितीतरी माणसे मी त्या टेबलावर झोपवली आहेत. अशांचा रिपोर्ट मॅडम कधी खिडकीतून देत नाहीत. घरच्यांसह आत बोलावतात. एकदा एका आजींनी विचारले, "बाई, किती दिस हाईत माझं?" मॅडम खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. "ते मला माहीत नाही, आजी. दुखणं कमी करता येईल, ते माहीत आहे." मी रोज सकाळी दत्ताच्या देवळात हात जोडून कामावर जातो. त्या दिवशी वाटले, देवळात जो दिलासा मिळतो तो इथेही मिळतो.

तीन वर्षांपूर्वी स्वादुपिंडाची चित्रे तपासणारी एक कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली आमच्याकडे चाचणीसाठी आली. संशय वाटेल तिथे ती लाल कडे काढते. मॅडम म्हणाल्या, "आपण तिची परीक्षा घेऊ. जुनी चित्रं काढा. काही आजाराची, काही निरोगी. नावं काढून टाका, नुसते क्रमांक ठेवा."

निरोगी चित्रे निवडायचे काम माझे. त्यात मी माझ्या थोरल्या भावाचे चित्र घातले. दादा आजऱ्याजवळच्या आमच्या गावात राहतात, काजूच्या कारखान्यात काजू निवडतात. त्याच्या चार महिने आधी मुतखड्यासाठी त्यांचा स्कॅन आमच्याकडेच झाला होता. त्यांच्याइतका ठणठणीत माणूस माझ्या ओळखीत दुसरा नव्हता.

यंत्राने त्या चित्रावर लाल कडे काढले.

"चुकलं की हे," मी हसून म्हणालो. आतड्यातल्या वायूलाही ते कधी कधी कडे करत असे.

मॅडम हसल्या नाहीत. त्या पडद्यावर चित्राचा एकेक काप पुढे नेत, मागे आणत राहिल्या. स्वादुपिंडातली बारीक नळी एका ठिकाणी जराशी फुगलेली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "हा क्रमांक कोणाचा?"

"माझ्या भावाचा, मॅडम."

त्यांनी कपाटातून वही काढली आणि ते पान शोधले. त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, 'स्वादुपिंड ठीक.' त्याखाली त्यांनी लिहिले, 'माझ्या नजरेतून सुटले,' आणि तारीख घातली. मग वही माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही वाचायला हवं," त्या म्हणाल्या. मला वाचता येईना. अक्षरे दिसत होती, पण दादांचा चेहराच मधे येत होता.

मी म्हणालो, फोन करून दादांना बोलावून घेतो. मॅडम म्हणाल्या, "नको. चूक माझी आहे. मी येते." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याबरोबर गावी आल्या. आमच्या घराच्या सोप्यात बसून त्यांनी दादांना सगळे सांगितले. कर्करोग असेलच असे नाही, पण लगेच तपासायला हवे, आणि हे चार महिन्यांपूर्वीच त्यांना दिसायला हवे होते.

दादा ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, मीबी रोज काजू निवडतोय. येखादा किडका हातनं निसटतोयच की. पर निसटलेला हुडकत घरापातुर कोण येतंय वो?"

वहिनी आतून म्हणाल्या, "बोलत काय बसलाय? कापडं भरतोय मी. च्या घ्या आन् निघा."

निदान कर्करोगाचेच निघाले. गाठ लहान होती, काढता येण्याजोगी. शस्त्रक्रिया दिवसभर चालली. मॅडम सेंटरचे काम उरकून आल्या आणि बाहेरच्या बाकावर वहिनींजवळ बसून राहिल्या. पुढे औषधांचे महिने आले. दादा निम्मे झाले, चिडचिडे झाले, पण राहिले.

बरे वाटू लागल्यावर आम्ही नृसिंहवाडीला जाऊन आलो. मॅडमच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. प्रसादाची कवठाची बर्फी न्यावी की नाही, मी घुटमळत होतो. दादा थेट पुढे झाले. "घ्या बाई. दत्तगुरूंनी वाचवलं, आन् तुमच्या काँप्युटरनं."

मॅडमनी बर्फी तोंडात टाकली. "ज्यांना श्रेय द्यायचं त्यांना द्या. पण तपासणीची तारीख चुकवू नका."

यंत्र आता कायमचे आले आहे. तरी मॅडमनी नियम बदलला नाही. आधी स्वतः पाहायचे, पेन्सिलीने लिहायचे, मग यंत्राचे कडे उघडायचे. मी एकदा कारण विचारले. म्हणाल्या, "त्याचं आधी ऐकलं की आपले डोळे आळशी होतात. आणि त्याचं ऐकलंच नाही, तर तुमचे दादा आठवा." कुणी त्या यंत्राचे कौतुक करू लागले, की त्या आपल्या वहीतले ते पान दाखवतात. नव्या डॉक्टरांनाही पहिल्या दिवशी तेच पान दाखवले जाते. आपली चूक इतकी उघडी ठेवणारे दुसरे कोणी मी पाहिलेले नाही.

दादा दर सहा महिन्यांनी येतात. आजार परतणार नाही, असे मॅडम कधी सांगत नाहीत. मी दादांना टेबलावर झोपवतो, काचेमागे जातो आणि माईकवर म्हणतो, "श्वास घ्या. धरा." थोड्या वेळाने त्यांना 'सोडा' म्हणतो. पण मी माझा श्वास धरूनच असतो. मॅडम चित्रे पाहतात, लिहितात, मग यंत्राचे मत उघडतात. पेन्सील खाली ठेवतात आणि माझ्याकडे पाहून 'ठीक आहे' अशी मान हलवतात. तेव्हा कुठे मी श्वास सोडतो.

त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना आशीर्वाद देण्याचा मला अधिकार नाही. देवळात मागण्याचा आहे. मॅडमच्या डोळ्यांना तेज राहो, गुडघ्यांना बळ मिळो, कपाटात नव्या वह्यांची भर पडत जावो. आणि पुढची पुष्कळ वर्षे, दर सहा महिन्यांनी, त्यांनी अशीच पेन्सील खाली ठेवावी.