पावणेपाच ते सव्वापाच

दुपारचे तीन. शाळेच्या प्रयोगखोलीत स्टुलावर बसल्या बसल्या माझे डोळे जड होतायत. समोर नंदा ढेबेचं जुनं पिनबॉलचं यंत्र पाठ उघडून उभं आहे. नंदा माझी विद्यार्थिनी. महाबळेश्वरच्या बाजारात तिचं खेळांचं दुकान होतं. गेल्या आषाढात ती गेली आणि घरच्यांनी यंत्र शाळेला दिलं. चार वाजता मुलं खेळायला येणार आहेत. पण दोन्ही बटणं एकदम दाबली की यंत्र विझतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आठ दिवस झाले, मला दोष सापडत नाही. मघाशी वैतागून स्विच बंद केला.

"गुरुजी, झोपलात होय?"

नंदा यंत्रामागे उभी आहे. अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. यंत्राचे दिवे लागले आहेत.

"रेग्युलेटर गेलाय," मी म्हणतो. "फार तापतो."

"जास्तीचे व्होल्ट गिळून पाचच पुढे द्यायचे, मग अंग तापणारच की त्याचं! मोजलेत किती?"

"बरोब्बर पाच."

"मग त्या बिचाऱ्याला का बोल? बोट लावा. उलटं."

ही तिची रीत. बोटाची मागची बाजू टेकवून बेचा पाढा म्हणायचा. वीसपर्यंत बोट टिकलं तर ठीक. पाढा मात्र माझा. दुसरीत ती बे सातीला हमखास अडायची.

मी म्हणतो. बे दाहे वीस. बोट टिकतं.

आता आम्ही पंगतीत उभे आहोत. पानं धुक्यात लांबवर गेली आहेत. नंदाच्या हातात वरणाची बादली आहे.

"वरण पुरलं का, ते कुठे बघायचं, गुरुजी?"

"शेवटच्या पानावर."

"आणि तुम्ही मोजलंत कुठे?"

"आचाऱ्यापाशी," मी ओशाळतो.

ती माझं बोट धरते. रेग्युलेटरखाली लावायचा पांढरा लेप तिच्या बोटांना लागलेला आहे. हात कोमट आहे. तारेवरून चालवत ती माझं बोट जोडापर्यंत नेते.

"बे एके बे, बे दुणे—" मी बोट झटकन मागे घेतो.

"पिना काळ्या पडल्यात. वाटेतच गळतंय. पाचाला पावणेपाच ते सव्वापाच चालतं. त्याखाली गेलं की हे सगळं विसरतं. पाव इकडे, पाव तिकडे. तुम्हीच नाही का चालवून घ्यायचात?"

वर्गाच्या उंबऱ्यात आठ वर्षांची नंदा, पाय दवानं ओले. डोंगर उतरून यायची, रोज पाव तास उशीर. मी तिला कधी बाहेर उभं केलं नाही.

"आज तू चालवून घे," मी म्हणतो. "पाव तास थांब."

"घंटा होईल, गुरुजी."

"बे साती?"

ती अडते. मुद्दामच. छताकडे बघते, ओठ चावते. मी घाई करत नाही. कितीही वेळ लागू दे.

"चौदा," ती हळूच म्हणते, आणि घंटा होते.

यंत्र बंद आहे, गार आहे. मी स्विच लावतो, मीटर शेवटच्या चिपवर धरतो. काटा जेमतेम पावणेपाचावर थरथरतो. बटणं दाबली की खाली पडतो.

दारात मुलं जमली आहेत.

"गुरुजी, बोटाला खडू लागलाय," छबू म्हणते.

बोटाच्या उलट्या बाजूला पांढरा ठिपका आहे. फळीवरची लेपाची नळी तर कधीच वाळून दगड झाली. मी अंगठ्याने चाचपतो. खडूसारखा झडत नाही. मऊ आहे, ओला.