न्हाणीच्या कोपऱ्यातली लादी

सासऱ्यांच्या खांद्यावर होडीचं परमाण, म्हणजे शिडाचा आडवा वासा, कोसळलं आणि त्यांची तांडेलकी संपली. उजवा हात वर जाईना, डावा पाय उचलेना. रेवदंड्याच्या आमच्या घरात न्हाणी होती, पण तिला गुडघ्याएवढा दगडी कठडा. तो ओलांडायला त्यांना दोन माणसं लागत. उभा जन्म समुद्रावर काढलेला माणूस. दुसऱ्याने अंगावर पाणी घालायचं, पाठ चोळायची, याची त्यांना इतकी लाज वाटे की दिवसचे दिवस ते अंघोळच टाळायचे.

आमचे हे तेव्हा मुंबईला गोदीत कामाला होते. एक जुनी आगबोट मोडीत निघाली, तिच्या न्हाणीतलं सामान यांनी घेतलं. पांढरा मुलामा दिलेली लोखंडाची चौकोनी परात, काठ चार बोटं उंच, मधे पाणी जायला भोक. शिवाय वरून पाणी पडायची एक झारी. माळ्यावरच्या पिंपात पाणी भरून ठेवायचं, सासऱ्यांनी परातीत स्टुलावर बसायचं आणि डाव्या हाताने नळ फिरवायचा, अशी यांची कल्पना. भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत लाँच, तिथून बैलगाडी, असं ते धूड घरी आलं. सोबत भिंतीला लावायच्या पांढऱ्या चिनी लाद्यांच्या दोन पेट्या.

सासऱ्यांनी परातीवर काठी वाजवून पाहिली.

"बोटीवरची हाय म्हणतोस. हिच्यात कोण मेलंबिलं न्हाय ना?"

"न्हाय, बाबा."

"तुला काय म्हाईत?"



अलिबागला एका बंगल्यात असल्या लाद्या बसवलेला गवंडी यांनी शोधून काढला. तळा गावचा माणूस, पन्नाशीचा, हडकुळा; कामापुरता रेवदंड्यात ओळखीच्यांकडे उतरला. यांना सुट्टी नव्हती. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "लक्ष ठेव हां. या लाद्या पुन्हा मिळायच्या नाहीत."

तेवढं माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्या माणसाला डोळ्यांआड होऊ दिलं नाही, आणि जितकं पाहत गेले तितका तो मला लबाड वाटत गेला.

पहिल्याच दिवशी त्याने न्हाणीचा दगडी कठडा फोडून काढला आणि मी दोन बायकांकडून किनाऱ्यावरून वाहून आणलेली रेती पायाने बाजूला लोटली. "ही खारी हाय, बाय. चालत न्हाय." मग नदीची रेती आणायला म्हणून गाडी घेऊन गेला तो संध्याकाळी उगवला. एवढ्या वेळात कुठे होता? आमच्याकडचा चहा तो घ्यायचा नाही. स्वतःची भाकरी फडक्यात बांधून आणायचा आणि माडाखाली पाठ करून खायचा. लाद्या त्याने रात्रभर पिंपात बुडवून ठेवल्या. पाण्यात किती आहेत, पेटीत किती राहिल्या, काही कळेना. न्हाणीच्या दाराला त्याने गोणपाट लावलं. ऊन आणि वारा आत आला की माल लवकर सुकतो, म्हणे. मला वाटलं, आत काय चाललंय ते दिसू नये म्हणून.

शेजारीण कुंपणापाशी येऊन त्यात भर घालायची. "चौलला एकाने अशाच लाद्या लावल्या. आत विलायती मातीच्या जागी नुसता चुना. पावसाळ्यात धडाधड पडल्या. तू बघतेस ना?"

विलायती माती म्हणजे सिमेंट. मी बघतच होते. गोणपाटाच्या फटीतून दिसायचं, तो परातीखाली थापीने माल सारून वर पातळी बघायची पाणसळ ठेवायचा, मान हलवायचा, परात पुन्हा उचलायचा. असं तीनदा केलं. लादी बसली की थापीच्या मुठीने तिच्यावर ठोकायचा आणि कान लावायचा.

"काय ऐकता?" मी एकदा विचारलंच.

तो दचकला. "पोकळ वाजली की मागं माल न्हाय असं समजायचं," म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

काम संपलं. सात दिवस परातीत पाणी सोडायचं नाही, लाद्यांना हात लावायचा नाही, असं बजावून तो गेला. जाताना त्याच्या खांद्यावर गाठोडं होतं. आला तेव्हा ते एवढं फुगलेलं नव्हतं, असं मला पक्कं वाटलं. पेट्या उघडल्या तर दोन्ही रिकाम्या.

तीन दिवस मी दम धरला. चौथ्या दिवशी दुपारी सासरे ओट्यावर आडवे झाल्यावर मी पळी घेऊन न्हाणीत शिरले आणि एकेक लादी वाजवत गेले. सगळ्या सारख्याच बोलत होत्या. फक्त परातीच्या काठाला टेकलेली कोपऱ्यातली एक वेगळी बोलली. पुन्हा वाजवली. वेगळीच. सापडला, मी मनात म्हटलं.

कोयत्याचं टोक सांध्यात घातलं. लादी निघेना. जोर केला तेव्हा तिचा कोपरा टवका उडून पडला आणि ती हातात आली. मागे करडा, घट्ट, कडेपासून कडेपर्यंत भरलेला माल. पोकळी तिळाएवढीही नव्हती. माल खरवडला तेव्हा खाली काळा दगड दिसला. बाकीची भिंत जांभ्याची, तिथे तेवढाच एक काळा दगड लागलेला, म्हणून आवाज वेगळा.

मी तिथेच बसले. मग उठून गोणीच्या तळाशी राहिलेलं सिमेंट झटकलं, अंगणातली रेती मूठभर घेतली, कालवलं, लादी परत चिकटवली आणि ओल्या फडक्याने पुसली. टवक्याची जागा मालाने लिंपली. अंगणात उरली होती ती माझीच खारी रेती. त्या घाईत ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आठव्या दिवशी सासरे एकटे आत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले ते ओले केस डाव्या हाताने मागे सारत. "पाणी गरम पायजे होतं," एवढंच म्हणाले, पण त्या दिवसापासून रोज अंघोळ करायला लागले.

दीड महिन्यात न्हाणीला लागून असलेल्या चुलीमागच्या भिंतीला ओल आली. फळीवरच्या सुक्या बोंबलांना बुरशी धरली. हे घरी आले तेव्हा भिंतीवर हात फिरवून भडकले. "फसवलं त्याने! तू लक्ष ठेवलं होतंस ना?"

मी होय म्हटलं.

निरोप गेला, गवंडी आला. हे त्याच्या डोक्यावर उभे. त्याने थापीच्या मुठीने चार-पाच लाद्या वाजवल्या, मग कोपऱ्यापाशी थांबला. सांध्यातला माल नखाने काढला, जिभेला लावला आणि थुंकला.

"ही रेती माझी न्हाय."

"मग कुणाची?" हे ओरडले. "हात झटकू नका. दुसरं कोण आलं होतं इथे?"

गवंडी माझ्याकडे पाहत होता. त्याला कळलं होतं. तो सांगेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने सांगितलं नाही. मान खाली घालून तो उकिडवा बसून राहिला आणि हे त्याला बोलत राहिले. चोर म्हणाले, तेव्हा मला राहवेना.

"मी काढली ती लादी," मी म्हटलं. "मागे माल आहे की नाही बघायला. परत लावलीही मीच."

हे ओट्यावर जाऊन सासऱ्यांशेजारी बसले.

"मला विचारायचं होतंत, बाय," गवंडी म्हणाला. "तुमच्या म्होरं काढून दाखवली असती. आता बसा इथं. हलायचं न्हाय. सगळं बघा."

मी उंबऱ्यात बसले. त्याने गोणपाट लावलं नाही. जुना माल छिन्नीने मुळापर्यंत काढला, सोबत आणलेली रेती दोनदा चाळली, माल कालवून माझ्यापुढे धरला. मग पिशवीत हात घालून एक कोरी पांढरी लादी काढली. आमच्यासारखीच. त्याच जाडीची, त्याच चकाकीची.

मी तिच्याकडे पाहिलं. त्याने मला पाहताना पाहिलं.

"उरलेली जपून ठेवतो मी," तो म्हणाला. "मागाहून एखादी लागतेच."

गाठोड्यात एकच होती की दहा, आणि आम्ही बोलावलं नसतं तर ती कुणाच्या भिंतीला लागली असती, हे मला आजही ठाऊक नाही. विचारायचं तोंड मला राहिलं नव्हतं. त्याने लादी बसवली, मुठीने ठोकली आणि मला म्हणाला, "वाजवा." मी वाजवली.

चहा त्याने त्याही दिवशी घेतला नाही. हे त्याला खाडीपर्यंत सोडायला गेले. वाटेत दोघांचं काय बोलणं झालं ते यांनी मला कधी सांगितलं नाही.

ओल उन्हाळ्यात हळूहळू सुकली, भिंतीवर तेवढा पिवळट डाग राहिला. सासरे आणखी तीन वर्षं जगले, आणि शेवटचे आठ-दहा दिवस सोडले तर रोज आपल्या हाताने अंघोळ करत राहिले. आमची पांढरी न्हाणी बघायला थेरोंड्यापासून बायका यायच्या. ते ओट्यावरूनच त्यांना बजावायचे, "आत जावा, बघा. कशाला हात मात्र लावायचा न्हाय."