मिठाच्या पाण्यातला चेहरा

छायाचित्रकार तोमोको गेल्या महिन्यात बहारीनमध्ये, सलमानियातल्या रुग्णालयात वारली. वय सत्तरीच्या पुढे, मूळची जपानची. मुक्काम तिथल्याच अदलिया भागात, हमीदाचाचींच्या घराच्या वरच्या मजल्यावर. चाचींनीच फोन केला. "जपानीण गेली रे. खलास."

वर्तमानपत्राच्या कामासाठी मी तिच्याकडे प्रथम गेलो आणि नंतर जात राहिलो. बहारीनच्या समुद्राचं मीठ आणि चांदीचं रसायन कागदाला लावून ती वृद्धांच्या फोटोंची चित्रं उन्हात छापायची, पण पक्की करायची नाही. त्यामुळे चित्र उजेडात पाहिलं की प्रत्येक वेळी थोडं काळवंडायचं. ते काळ्या पाकिटात ठेवावं लागे. कारण विचारल्यावर म्हणाली होती, "शेवटी आई मला ओळखत नव्हती. भिंतीवरचा तिचा फोटो मात्र तसाच हसत होता. मला तो खोटा वाटू लागला."

चाची रत्नागिरीच्या. त्यांचे पती युसुफभाई एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. तोमोकोने त्यांचंही असं चित्र केलं आणि पुढे काही महिन्यांत ते गेले. चाची दर शुक्रवारी पाकीट उघडायच्या. आधी दाढी काळोखात गेली, मग कपाळ... "बाय, पक्कं करून दे," त्या मोडक्या हिंदीत विनवायच्या. तोमोको मान हलवायची. पण भरपूर मिठाच्या पाण्यात चित्र उशिरा काळवंडतं, हे तिनेच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. कैऱ्या खारवायला करतात तसं पाणी चाचींनी केलं आणि चित्र त्यात बुडवलं.

तोमोको ते बराच वेळ पाहत राहिली. "युसुफभाईंचं लोणचं घातलंस?"

"त्यांना आवडायचंच," चाची म्हणाल्या.

आजार वाढल्यावर तोमोकोने स्वतःचं चित्र केलं. कॅमेऱ्याचं बटण चाचींनी दाबलं. रुग्णालयात जायच्या सकाळी तिने काळं पाकीट त्यांच्या हाती दिलं. मी तिथे होतो.

"याला नमक मफी, नाही घालायचं," ती म्हणाली. "बघ, आणि जाऊ दे."

"इंशाल्ला," चाची म्हणाल्या.

ती गेल्यानंतर मी चाचींकडे गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर, मसाल्याच्या डब्यांमागे, दोन चित्रं टेकवलेली होती. तोमोकोच्या चित्राच्या कडेला मिठाचे पांढरे कण होते.

"आधी तिचं ऐकलं," चाची म्हणाल्या. "मी शुक्रवारी काढायची, बघायची, ठेवायची. एक गाल गेला. मग नाही जमलं रे... माझ्या घरात आलेलं माणूस मी असं कसं जाऊ देऊ?"

युसुफभाईंचं नाक आणि चष्मा अजून ओळखू येतो. तोमोकोचा डावा गाल आणि कान काळे पडले आहेत. गेल्या शुक्रवारी तिचे दोन्ही डोळे दिसत होते.